पास्कलची कॅसेट

आमच्या घरात आवाज ठरलेले होते आणि त्यांच्या वेळाही ठरलेल्या होत्या. पहाटे आई पाणी भरायची तेव्हा पिंपात पडणारी धार, मग बाबांचं खाकरणं, मग पोळपाटाचा एक पाय आखूड असल्यामुळे होणारी टकटक, आणि सात वाजता रेडिओवरच्या बातम्या. बातम्या संपल्या की खट्ट. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेडिओला कोणी हात लावायचा नाही. बाबा ठाण्याला सरकारी कचेरीत होते. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून आपले कान भरून जातात असं ते म्हणायचे, त्यामुळे घरी आल्यावर ते काही ऐकायचे नाहीत आणि फारसं बोलायचेही नाहीत. आई बोलायची, पण ती स्वयंपाकाशी. तुरीच्या डाळीला "शीज गं बाई लवकर" म्हणायची, उतू जाणाऱ्या दुधाला "मेल्या, जरा पाठ फिरवली तर लगेच?" असं दटावायची. मी एकुलता एक. आम्ही कोपरला राहायचो, डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकडच्या बाजूला. इमारत नवी होती, आजूबाजूला अजून मोकळी जागा होती, आणि वारा पूर्वेकडून आला की कारखान्यांचा आंबूस वास थेट आमच्या आमटीपर्यंत पोचायचा. जेवताना तिघेही आपापल्या ताटाकडे बघून जेवायचो. भांडण नव्हतं, राग नव्हता, कशाची ददात नव्हती. पण मला त्या घरात फार एकटं वाटायचं, आणि ते कोणाला सांगावं तर सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आईचा एक मावसभाऊ बोटीवर होता, आनंदमामा. दोन-तीन वर्षांतून एकदा उगवायचा, पुरणपोळी खायचा आणि निघून जायचा. माझं बारावीचं वर्ष संपलं त्या सुट्टीत तो आला आणि जाताना डबल कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणि बुटाच्या खोक्यात भरलेल्या वीस-बावीस कॅसेटी आमच्याकडे ठेवून गेला. इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदरात जुन्या मालाच्या दुकानातून त्याने त्या न बघता उचलल्या होत्या. "नाचायची गाणी असतील म्हणून घेतली," तो मला म्हणाला, "पण ही माणसं मयताला निघाल्यासारखी गातात रे. तुला बघ चालतात का."

मला चालली. नुसती चालली नाहीत, त्यांनी माझा ताबाच घेतला. हे संगीत तुम्ही ऐकलं नसेल तर थोडं सांगायला हवं, आणि सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. इतर गाण्यांत गिटार पुढे असते आणि खर्जातली बास गिटार मागे मुकाट चालते. इथे उलटं. सगळी चाल बासकडे, आणि वरची गिटार अगदी पातळ, लांबून आल्यासारखी. ढोल असा वाजतो की खोलीतलं सामान कोणीतरी बाहेर काढून टाकलंय असं वाटतं. गाणारा माणूस खालच्या पट्टीत, कोणी ऐकतंय की नाही याची फिकीर नसल्यासारखा गातो. काही कॅसेटींत गिटारऐवजी यंत्रांचे सूर होते, थंड आणि चकचकीत, त्यावर पाय हलवता यायचे पण हसू यायचं नाही. काहींत तर देवळात किंवा स्मशानात उभं राहून म्हटल्यासारखं होतं. पुढे या सगळ्याला कायकाय नावं आहेत ते मला कळलं, पोस्ट-पंक, न्यू वेव्ह, गॉथिक रॉक वगैरे. तेव्हा माझ्याकडे नावं नव्हती. एवढंच कळत होतं की कारखान्यांच्या, धुराच्या, करड्या गावांत राहणाऱ्या कोणा मुलांनी हे केलंय आणि त्यांच्याही घरी बातम्या संपल्यावर रेडिओ बंद होत असणार.

आता माणसाला एखादी गोष्ट एवढी आवडली की ती कोणाला तरी दाखवावीशी वाटते. माझ्या बाबतीत हे जरा हाताबाहेर गेलं. मी वर्गातल्या मुलांना कॅसेटी दिल्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी नाक मुरडून परत केल्या. शेजारच्या काकांना ऐकवलं, ते म्हणाले, "सेल उतरलेत बहुतेक." केस कापायला गेलो तिथे ऐकवलं, तर माझे केस अर्धे कापून झालेले असताना न्हाव्याने टेप बंद केला आणि गिऱ्हाईक पळतं म्हणाला. आईला स्वयंपाकघरात बसून एक अख्खी बाजू ऐकवली. ती शेंगा सोलत होती. शेवटी तिने विचारलं, "याला कोणी नाही का रे?" हा खरं म्हणजे त्या गायकाबद्दलचा सगळ्यात अचूक अभिप्राय होता, पण मला तेव्हा तो अपमान वाटला. माझी मुलगी आज मला म्हणते, "बाबा, तुम्ही शिफारस करत नाही, तुम्ही मागे लागता." खरं आहे. माणसाला गाणं आवडलं नाही तर मला ते माझ्याबद्दलचं मत वाटतं. साठी उलटली तरी ही खोड गेलेली नाही.

कॅसेटींच्या वेष्टनांवर त्या लोकांचे फोटो असायचे. पांढरेफटक चेहरे आणि डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. मीही माझा एक पांढरा शर्ट आणि एक खाकी पँट आईच्या बादलीत काळ्या रंगात उकळून काढली. बादली कायमची गेली. आईने डोक्याला हात लावला. "काळं संक्रांतीला घालतात, रोज नाही. घरात आम्ही अजून जिवंत आहोत रे." बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली, "कावळा" एवढं म्हणाले आणि परत वाचायला लागले. त्या काळ्या शर्टात मी ठाण्याच्या कॉलेजात जाऊ लागलो. रंग पहिल्या पंधरा दिवसांत घामाने मानेवर उतरायचा, पण मी तो शर्ट सोडला नाही. मनात असं होतं की माझ्यासारखं कोणी असेल तर त्याने मला ओळखावं.

आणि मग मला ती दिसली. फिलोमिना तिचं नाव. आमच्याच वर्गात, खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर एकटी बसायची. कॉलेज सुरू झाल्यावर महिनाभर ती नव्हतीच, मग एके दिवशी आली ती काळ्या कपड्यांत. काळा झगा, काळी रिबन, काळे बूट. दुसऱ्या दिवशीही काळं, तिसऱ्या दिवशीही. कोणाशी बोलायची नाही. मधल्या सुट्टीत मुली तिच्याभोवती यायच्या, हळू आवाजात काहीतरी बोलायच्या आणि निघून जायच्या. ती ख्रिस्ती होती, खाडीकडच्या गावठाणातली, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात फोटो बसलेले. मी आठवडाभर तिला पाहिलं आणि माझी खात्री झाली की ठाण्यात, माझ्याच वर्गात, हे संगीत ऐकणारी एक मुलगी आहे. आमच्या नात्यागोत्यात दुःख झालं तर पांढरं नेसतात. काळ्याचा अर्थ मला कॅसेटींनी शिकवला होता, शेजारच्या माणसांनी नव्हे. ठाण्यात मी लहानपणापासून येत-जात होतो, ख्रिस्ती गावठाणाच्या तोंडाशी कित्येकदा उभा राहिलो होतो, आणि मला एवढंही माहीत नव्हतं.

एका दुपारी मी तिच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो. तिने आधी माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू का काळं घालतोस?" तिनेच विचारलं.

"आवडतं म्हणून. आणि तू?"

"घालावं लागतं."

मला वाटलं, वा! काय बोलली! मला असंच काहीतरी म्हणायचं होतं आणि सुचलं नव्हतं. मी खिशातून कॅसेट काढून बाकावर ठेवली. "ही ऐक. तुला नक्की आवडेल. प्रत्येक गाण्याबद्दल मी आत लिहिलंय."

ते लिहिणं ही माझी पद्धत होती. इंग्रजी शब्द मलाही निम्मे कळायचे नाहीत, म्हणून कॅसेटच्या डबीत मी एक घडी घातलेला कागद ठेवायचो आणि कुठल्या गाण्यात काय ऐकायचं ते मराठीत लिहायचो. 'तिसऱ्या गाण्यात ढोल विहिरीत वाजवल्यासारखा येतो, तिथे डोळे मीट.' 'पाचव्यात बाई मधेच गायची थांबते, आता परत येणार नाही असं वाटतं, पण थांब.' इतरांनी ते कागद उघडलेसुद्धा नसतील. फिलोमिनाने कॅसेट घेतली, डबी उघडली, कागद तिथेच वाचला आणि पुन्हा नीट घडी घालून ठेवला. "बरं," ती म्हणाली.

सोमवारी तिने कॅसेट परत दिली. "ते तिसरं सॉलिड होतं," ती म्हणाली, "विहिरीतल्या ढोलाचं. आणि ती बाई परत येते ते बरं झालं. मी घाबरलेले." मी तिला दुसरी दिली. मग तिसरी. पावसाळा संपेपर्यंत आठ-नऊ कॅसेटी गेल्या-आल्या. मी शनिवारी दुपारभर बसून कागद लिहायचो. आधी पाचसहा ओळी असायचा, मग पाठपोट भरायला लागला. गाण्यांवरून मी आमच्या घरावर यायचो, बाबांच्या खट्टवर, आईच्या डाळीवर, खाडीवर, आणि मग परत गाण्यावर. ती सगळ्यावर बोलायची. "तुझी आई डाळीशी बोलते ते भारी आहे" असं एकदा म्हणाली. आम्ही कधी कॉलेजच्या बाहेर भेटलो नाही, चहासुद्धा घेतला नाही. माझ्या मनात प्रेमबिम होतं का, असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. ऐकणारं कोणीतरी मिळालं होतं, आणि ते जाऊ नये एवढी एकच भीती मला चोवीस तास होती. आज मागे बघताना दिसतं की ती नेहमी माझेच शब्द मला परत सांगायची. कागदात नसलेलं एकही वाक्य ती कधी कुठल्या गाण्याबद्दल बोलली नाही. पण माझे शब्द तिच्या तोंडून ऐकताना मला ते तिचे वाटायचे.

नवरात्रात ती चार-पाच दिवस कॉलेजला आली नाही. नेमकी तेव्हाच मी माझी सगळ्यात चांगली कॅसेट तयार केली होती. सगळ्या खोक्यातून निवडून निवडून, दोन्ही बाजू मिळून चौदा गाणी, ते विहिरीतल्या ढोलाचंही. मला धीर धरवेना. एका मुलीकडून घराचा पत्ता विचारून घेतला. तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण सांगितला. टेंभी नाक्यावर देवीची गर्दी होती, कर्णे लागले होते, बायका नव्या साड्यांत ओळीने उभ्या होत्या. त्यांच्यात मी एकटाच काळ्या शर्टात. ती गर्दी ओलांडून खाडीच्या दिशेने चालत गेलो तशी गाणी मागे पडत गेली. गावठाणात शिरलो तेव्हा सुकत घातलेल्या मासळीचा वास आणि कोंबड्यांचा आवाज, बाकी शांत. बुटकी कौलारू घरं, दारापुढे एक लहानसा क्रूस, त्याच्यापुढे विझलेली मेणबत्ती.

पत्त्यातल्या घराच्या दारात एक बाई उभी होती. काळी साडी, काळं पोलकं. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तिला रडू फुटलं. ती पुढे आली आणि माझा काळा शर्ट दोन्ही हातांनी बाह्यांपाशी धरला.

"माज्या पास्कूचा दोस्त ना रे तू?"

पास्कू कोण ते मला ठाऊक नव्हतं. पण तिच्या खांद्यावरून आतल्या भिंतीवरचा फोटो दिसत होता, हार घातलेला, माझ्याच वयाचा, फिलोमिनासारख्या भुवया असलेला मुलगा. एका क्षणात मला सगळं कळलं. काळा झगा, काळी रिबन, महिनाभराची गैरहजेरी, हळू आवाजात बोलून जाणाऱ्या मुली, 'घालावं लागतं'. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सगल्यांनी काला काढला," ती म्हणत होती. "त्याचे दोस्त चालीस दिस पन नाय राहिले. तू अजून घालतंस माज्या पोरासाठी. कसा दिसला नायस कवा?"

तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. 'आंटी, मी फिलोमिनाच्या वर्गातला आहे' एवढं एक वाक्य. ते माझ्या जिभेवर होतं. पण तिने शर्ट घट्ट धरलेला आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की माझ्याकडे तसं आधी कोणी कधी बघितलं नव्हतं, माझ्या आईनेसुद्धा नाही. मी मान हलवली. होकारार्थी.

तिने मला आत बसवलं. फिलोमिना चर्चमध्ये गेली होती, पास्कलच्या वर्षाच्या मिस्सेचं, म्हणजे वर्षश्राद्धासारख्या प्रार्थनेचं, बोलायला. जानेवारीत वर्ष होणार होतं. कावीळ झाली, दहा दिवसांत गेला, त्या दुःखात फिलोमिनाने कॉलेजात नावही महिनाभर उशिरा घातलं, एवढं मला तिच्या आईच्या बोलण्यातून कळलं. तिने तांदळाची भाकरी आणि लालभडक कालवण पुढे ठेवलं. आमच्या घरात अंडंही येत नव्हतं. मी भाकरी कालवणात बुडवली आणि खाल्ली, बोंबील खाल्ले, काटा लागला तो गिळला. ती समोर बसून माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होती. मग म्हणाली, "तो माज्याशी जास्त बोलायचा नाय. पोरगे आयशीशी कुटं बोलतंत. तुमी दोस्त काय करायचे रे? मना सांग."

मी काय सांगणार? मला फक्त एकच गोष्ट येत होती. "गाणी ऐकायचो," मी म्हणालो.

कोपऱ्यात स्टुलावर टेपरेकॉर्डर होता, त्यावर काळं फडकं टाकलेलं. वर्षभर घरात गाणं लावायचं नाही, लग्नाला जायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, अशी त्यांची रीत. ती त्या फडक्याकडे बघत राहिली. मग उठली, फडकं काढलं आणि पदराने टेपरेकॉर्डर पुसला. "लाव," ती म्हणाली. "जे तो ऐकायचा ते लाव. देव मना माफ करल."

कॅसेट माझ्या खिशात होतीच. फिलोमिनासाठी आणलेली. मी ती लावली. मला लाज वाटत होती हे खरं, पण बटण दाबताना, अगदी त्याही क्षणी, मला असं वाटत होतं की हिला आवडावं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. पहिलं गाणं सुरू झालं. बास आली, मग ढोल, मग तो खालच्या पट्टीतला आवाज. ती जमिनीवर बसली, भिंतीला डोकं टेकलं आणि ऐकू लागली. मी कितीतरी लोकांना गाणी ऐकवली आहेत, पण असं ऐकताना मी कोणाला पाहिलेलं नाही. ती प्रत्येक आवाजाच्या मागे जात होती, आपला मुलगा त्यात कुठे लपलाय का ते शोधत. दुसऱ्या गाण्यात तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण चेहरा मात्र उजळत गेला. "असा होता तो?" ती म्हणाली. "आतून असा होता माजा पोर? मना कदी कललाच नाय."

फिलोमिना दारात येऊन उभी राहिली. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने उघडा टेपरेकॉर्डर पाहिला, माझं उष्टं ताट पाहिलं, मला पाहिलं. ती रागाने तरातरा पुढे आली, हात बटणावर ठेवला. मग तिची नजर आईच्या चेहऱ्यावर गेली आणि तिने हात मागे घेतला. आई म्हणाली, "फिलू, बस. पास्कूची गानी हायत." ती बसली. ती बाजू संपेपर्यंत आम्ही तिघं तिथे बसून होतो.

फिलोमिना मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. तिथे म्हणाली, "पास्कलला गाणी आवडायची नाहीत. रेडिओ लावला तरी ओरडायचा. फुटबॉल खेळायचा तो, बस्स."

"मला सांगायचं होतं गं. आंटींनी शर्ट धरला आणि..."

"मी तुझी एकही कॅसेट ऐकलेली नाहीये," ती म्हणाली. "घरी लावताच येत नव्हतं. मी तुझे कागद वाचायचे. घरात कोणी बोलत नाही रे. कागदात कोणीतरी बोलत होतं."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"मी? कोणतं आवडलं विचारलंस, ते सांगितलं. आता तू घरी येऊ नकोस. आईला खरं सांगायची ताकद माझ्यात नाही आणि तुझ्यात तर नाहीच. ती कॅसेट पण परत मागू नकोस."

मी घरी गेलो. आईने हाताचा वास घेतला आणि पुढ्यात साबण ठेवला. काळा शर्ट मी परत घातला नाही.

जानेवारीत वर्षाची मिस्सा झाली. त्यानंतरच्या सोमवारी फिलोमिना वर्गात आली ती पिवळ्या फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये. मुली तिच्याभोवती जमल्या, ती हसली. मी तीन महिने तिच्याशी बोललो नव्हतो, पण त्या दिवशी मला राहवलं नाही. आता तिच्या घरात गाणं लागू शकत होतं. मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं आणि विचारलं, ती कॅसेट आता तरी ऐकलीस का. माझा आवाज भीक मागितल्यासारखा निघाला असणार.

"ऐकली," ती म्हणाली. "आई रोज लावते, ऐकावीच लागते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं सांगू? तू लिहिलेलं गाणं त्यात नव्हतं. मी खूप शोधलं रे. ढोल विहिरीत नाही वाजत. नुसता ढोल आहे."

ती हे दुखवायला बोलली नाही. तिलाही वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. त्यानंतर मी तिला कागद लिहिला नाही आणि तिनेही मागितला नाही. वर्षअखेरीस ती कॉलेज बदलून गेली. मी पुन्हा माझ्या खोक्यापाशी येऊन बसलो, शनिवारच्या त्या लांबलचक दुपारी, आणि त्या वेळी जे एकटेपण होतं ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिल्यांदा निदान मला असं वाटत होतं की योग्य माणसाने ऐकलं की झालं.

मे महिन्यात एकदा बाबांचा डबा राहिला म्हणून आईने मला ठाण्याला पिटाळलं. डबा देऊन झाल्यावर माझे पाय खाडीकडे वळले. जायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त गल्लीतून जायचं, असं मनाशी म्हणत मी आकाशी रंगाच्या शर्टात त्या घरासमोरून गेलो. गाणी चालू होती. माझी कॅसेट, पहिली बाजू, चौथं गाणं. मी थबकलो. फिलोमिनाची आई ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसली होती, हिरव्या लुगड्यात. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोन पायजे रे बाला?" तिने विचारलं.

तिने मला ओळखलं नव्हतं. मी कसाबसा म्हणालो, "कोणी नाही आंटी. गाणं ऐकून थांबलो."

"आवडला तुला?" तिचा चेहरा फुलला. तिने सूप बाजूला ठेवलं आणि ओट्यावर हाताने जागा झाडली. "माज्या पोराचा हाय. लोक बोलतंत, काय रडका गाना लावतेस. तू बस. बोलतो काय ते सोड, ते मना पन नाय कलत. खालचा ऐक. मचवा खाडीत बांधून ठेवलेला असतं ना, आनि त्याला खालून पानी लागतं, धप, धप, तसा वाजतंय. लागला का ऐकायला? आता पुडचा गाना येल, तो याच्यापरीस चांगला हाय. घाय करू नको. बस."

मी ते गाणं निदान दोनशे वेळा ऐकलं होतं आणि मला त्यात मचवा कधी ऐकू आला नव्हता. आता आला. मी तिच्या शेजारी ओट्यावर बसलो, आणि तिने कॅसेट उलटून लावली तेव्हाही बसून राहिलो.